साळू, सालक आणि भोली

देवास, सोमवार, ३ मार्च २००८

निवृत्त झाल्यापासून आज पहिल्यांदा सरकारी जीप दारात थांबली, आणि मी नेमका बनियनवर. धावत आत जाऊन सदरा चढवला, तो उलटा. तसाच बाहेर आलो.

जीपमधून प्रणव उतरला. हा आमच्या वनखात्याचा नवा एसडीओ. वडील महाराष्ट्रातून पीथमपूरच्या कारखान्यात आले, पोरगा तिथल्या हिंदी शाळेत शिकला. त्यामुळे त्याची मराठी दर दोन पावलांवर हिंदीत घसरते, पण पोरगा गुणी आहे.

म्हणाला, "काका, भारत, नेपाळ, भूतान, तिन्ही देशांच्या फॉरेस्टवाल्यांची मीटिंग आपल्या इथे आहे. जानवरों की तस्करी पे. माल आपल्या जंगलातून निघतो, बॉर्डर पार होतो, आणि कोणी कोणाला साधा फोन पण नाही करत. आता करायचा! नेपाळच्या साहेबांसाठी दुभाषिया पाहिजे. तुम्हाला नेपाळी येते, ऐसा सुना है मैंने."

"येते म्हणजे? सासुरवाडी काठमांडूची आहे आमची!" उचलली जीभ लावली टाळ्याला. आत इंदिराबाईंच्या हातातलं पातेलं पडल्याचा आवाज आला.

आमच्या जुन्या दरबारी घरांमधून नेपाळशी सोयरिकी होत, तशीच ही आमची, छत्तीस वर्षांपूर्वीची. इंदिराबाई माहेरच्यांशी फोनवर नेपाळी बोलतात, मी पलीकडे पेपर वाचत असतो. कानावर पडून पडून येणारच की.

हे सगळं मी कशासाठी करतोय ते इथे लिहून ठेवतो, बाहेर बोलणार नाही. कन्नौदचा गेंदालाल सेठ. दाखवायला धान्याची आडत, आतून कातडी, नखं, हाडं, काय म्हणाल ते. मी बागलीला रेंजर होतो तेव्हा तीनदा धाड घातली आणि तिन्ही वेळा त्यानं चहा पाजून परत पाठवलं. माझ्या निवृत्तीच्या समारंभात पहिला हार त्यानं घातला. त्या हाराचा वास अजून नाकातून जात नाही. मरायच्या आधी तो माणूस मला एकदा, फक्त एकदा, मालासकट धरायचाय.

गुरुवार, ६ मार्च

उजळणी चालू. 'हुन्छ' म्हणजे चालेल. 'के छ' म्हणजे काय चाललंय. 'हजुर' तर सगळीकडेच चालतं. शिवाय 'मोरा'. इंदिराबाई लटक्या रागात मला बघून 'मोरा' असं पुटपुटतात. छत्तीस वर्षं एखाद्या बाईनं नवऱ्याला मोर म्हणावं, याला नशीब लागतं. मी जरा रुबाबदार होतोच.

आज त्या म्हणाल्या, "अहो, मी येऊ का तुमच्याबरोबर? अडलं तर सांगेन."

मी म्हटलं, "तुम्हाला कंटाळा येईल. कायदेकानूचं बोलणं असतं."  त्या गवार अशी मोडायला लागल्या, की शेंगा स्वयंपाकघरभर उडत होत्या.

सोमवार, १० मार्च

काय दिवस होता! अजून पाय जमिनीवर नाहीत.

सकाळी रेस्ट हाउसच्या दारात नावं लिहून घेणाऱ्या बाबूनं नेपाळच्या साहेबांना विचारलं, "आपका नाम?" ते म्हणाले, "अधिकारी." बाबू म्हणाला, "वो तो दिख रहा है सर, नाम बताइए." "अधिकारी." "हाँ सर, यहाँ सब अधिकारी ही हैं, आप कौन से?" शेवटी मी मध्ये पडलो. पुष्कर अधिकारी. तिकडे हे आडनाव आहे. तीन देशांच्या सहकार्याची सुरुवात माझ्या हातून झाली, असं म्हणायला हरकत नाही.

भूतानचे दोघे अगदी शांत. जेवताना मात्र त्यांनी हिरव्या मिरच्यांची ताटली संपवून "भाजी अजून आहे का?" असं विचारलं, तेव्हा आचारी हात जोडून उभा राहिला.

अधिकारींचा बाणा असा, की बैठकीत बोलणार ते आपल्याच भाषेत. ते उठले आणि त्याच क्षणी वीज गेली. पडद्यावर चित्रं दाखवणार होते, ती गेली. मग नुसतंच भाषण, आणि भाषांतराला मी.

विषय होता सालक. ऐकताक्षणी माझ्या डोक्यात उजेड पडला. सालक म्हणजे आपला साळू, साळिंदर, अंगावर काटे असतो तो! मग मी सुटलोच. साळूची शिकार, साळूचा चोरटा व्यापार, साळू कसा वाचवायचा. मधे ते हातवारे करून म्हणाले की हा सालक भ्यायला की अंगाचा गोळा करतो आणि नुसत्या मुंग्या खातो. खालच्या वनरक्षकांत चुळबुळ झाली. एकजण म्हणाला, "सर, हमारा साळू तो मेरे खेत का आलू खाता है!"

मी न डगमगता सांगितलं, "नेपाळचा साळू वेगळा. डोंगरी." अधिकारींनी माझ्याकडे बघून समाधानानं मान हलवली. मी "हुन्छ" म्हटलं. टाळ्या पडल्या.

मंगळवार, ११ मार्च

अधिकारींना घरी जेवायला आणलं. दारातच त्यांनी इंदिराबाईंना नमस्कार करून नेपाळीत काहीतरी विचारलं आणि त्यानंतर मला कोणी काही विचारलंच नाही. तास-दीड तास दोघं बोलत होते. काठमांडूतल्या असन बाजाराचं नाव दोन-तीनदा कानावर आलं, बाकी सगळं भराभर. मी योग्य जागी हसत होतो.

इंदिराबाई इतक्या मोठ्यानं हसतात हे मला ठाऊक नव्हतं. गालावर लाली, डोळ्यांत पाणी. मी विचारलं, डोळ्यांना काय झालं? म्हणाल्या, "मिरची." भाजी बिनतिखटाची होती. भूतानच्या पाहुण्यांसाठी ठेचा कुटून पाठवला होता, त्याचा झणका असणार. माहेरी जाऊन अकरा वर्षं झाली त्यांना. आधी माझे गुडघे, मग तिकडची धुमश्चक्री, राहूनच गेलं. पण इथे त्यांना काही कमी नाही.

एक ठरलं. माल निघाल्याची खबर तिकडे लागली तर अधिकारी थेट आमच्या घरी फोन करणार. प्रणवच्या कचेरीतल्या फोनवरून परदेशी फोन लागत नाही, आणि बाहेरून आलेला कोणी उचलत नाही. आमचा फोन मात्र जागता असतो.

बुधवार, १९ मार्च

आला! फोन आला!

इंदिराबाई भाजी आणायला गेल्या होत्या. मी उचलला. अधिकारी घाईत होते, आवाज खरखरत होता. "भोलि सालकको खपटा निस्कन्छ, हजुर, कन्नौदबाट." मी म्हटलं, "हुन्छ, हुन्छ!" ते म्हणाले, "बुझ्नुभयो?" म्हणजे समजलं का, असणार. मी आणखी जोरात "हुन्छ!" म्हटलं आणि फोन ठेवला.

अर्थ सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ. कन्नौद. साळू. खपटा म्हणजे बहुधा काटे. आणि हे सगळं घेऊन निघणार आहे भोली नावाची बाई!

म्हणजे गेंदालालनं या खेपेला बाईमाणूस पुढे केलंय. चोराची हिकमत पाहा. प्रणवला फोन केला. पोरगा आनंदानं ओरडला, "काका, तुम्ही ग्रेट आहात! कल सुबह निकलते हैं." आज झोप येणं अवघड आहे. इंदिराबाईंना काही सांगितलं नाही, एकदम पेपरातच वाचतील.

गुरुवार, २० मार्च, दुपार

कन्नौदहून आत्ताच आलो. मनासारखं झालं नाही, पण हरकत नाही.

काय शोधायचं ते पोरांना कळावं म्हणून देवघराच्या कपाटातला साळूचा काटा बरोबर नेला होता. आमच्याकडे पहिलटकरणीचा भांग त्या काट्यानं पाडायची जुनी चाल आहे. कन्नौदच्या बाजारात भोलीबाई सापडली, एका हाकेत. सत्तरीची, कंगवे आणि फण्या विकणारी. टोपली उलटी केली. कंगवेच निघाले. मी काटा तिच्या नाकासमोर धरून दरडावलं, "असे काटे कुठे लपवलेत?"

म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कई रे भिया, म्हारे चोर समझ्यो कई? कांटो थारा हाथ में, ने चोर हूँ?" भोवती ही गर्दी! सगळे हसत होते, आमचे वनरक्षकसुद्धा. मला स्वतःलाही हसू आवरेना, कारण काटा माझ्या हातात आणि चोर ती कशी, हा म्हातारीचा मुद्दा बिनतोड होता.

समोरच गेंदालालची आडत. तो हसत आला, चहा मागवला. त्याच्याकडे ट्रक भरणं चाललं होतं. "डॉलर चना है साहब, सीधा बाहर जाता है." आपल्या माळव्यात जाड्या काबुली चण्याला डॉलर म्हणतात, दाणा तसाच टपोरा होता. आमची जीप त्याच्या ट्रकच्या वाटेत आली होती. मी म्हटलं उगाच कोणाचा खोळंबा नको, म्हणून मी ती मागे घ्यायला लावली. गेंदालालनं हात जोडले. चहा मात्र फार गोड होता.

शनिवार, २२ मार्च, धुळवड

परवा दुपारी वही मिटली, त्यानंतर लिहायला तोंड नव्हतं. आज लिहितो, कारण आज हसू येतंय.

परवा संध्याकाळी अधिकारींचा पुन्हा फोन आला. इंदिराबाईंनी उचलला. बोलता बोलता त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग फोनवर हात ठेवून विचारलं, "अहो, तुम्ही आज कन्नौदला कोणाला पकडायला गेला होता?"

"भोलीला," मी म्हटलं.

त्या खाली बसल्या. अक्षरशः फरशीवर. हसत हसत आडव्या होतील असं वाटलं. 'भोलि' म्हणजे उद्या! माल उद्या निघणार, एवढंच ते बिचारे सांगत होते. आणि सालक म्हणजे साळू नाही, खवल्या मांजर. खपटा म्हणजे त्याचे खवले. तीन देशांच्या सभेत मी सकाळभर भलत्याच प्राण्याला वाचवत होतो.

माझा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं. पण मला तेवढ्यात एक शंका आली. मी विचारलं, "मग मोरा म्हणजे?" त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मोर नाही हो. मोरा म्हणजे मेल्या." आमची छत्तीस वर्षांची पिसं एका मिनिटात झडली.

मी खुर्चीत बसून राहिलो. माल डोळ्यांदेखत गेला असणार. त्या फोनवर बोलतच होत्या, आणि वाक्यागणिक एकच शब्द येत होता, डलर, डलर. मी म्हटलं, हे काय? त्या म्हणाल्या, "सीमेवर पकडलेल्या एका माणसाच्या फोनमध्ये सारखं 'माल डॉलरमध्ये आहे' असं येतंय. म्हणून तिकडे पंधरा दिवस सगळ्यांचे खिसे आणि पाकिटं तपासताहेत. एक डॉलर सापडला नाही."

मी इतका जोरात उठलो की खुर्ची पडली. "इंदिराबाई, सांगा त्यांना! डॉलर म्हणजे पैसे नव्हेत! चणे! चण्याची पोती फोडा म्हणावं!"

त्यांना हे डॉलर प्रकरण सांगता येईना. डॉलर चना नेपाळीत कसा समजावणार? शेवटी मी फोन घेऊन "चना! चना! बोरा!" असा ओरडलो.  पलीकडून अधिकारींनी इतक्या मोठ्यानं "ए!" म्हटलं, की कानाला दडा बसला.

आज सकाळी, हातात गुलाल असताना, फोन आला. ट्रक सीमेवर धरला. चण्याखाली खवले. मीच ज्याला वाट करून दिली होती तो ट्रक!

त्यांनी गाजावाजा केलेला नाही. ड्रायव्हरला कन्नौदला फोन लावून 'सब ठीक' म्हणायला लावलं. त्याच्याकडून कळलं ते असं: रंगपंचमीला दुसरी खेप आहे, गेंदालाल स्वतः पहिल्या टप्प्यापर्यंत ट्रकमधून जाणार आहे, आणि त्या खेपेत एक जिवंत सालकही आहे. रंगपंचमीला सगळा माळवा रंगात, नाक्यावर कोण कोणाला ओळखतो?

मी प्रणवला सांगितलं, "जीपमध्ये या वेळी इंदिराबाई पुढच्या सीटवर. मी मागे."

बुधवार, २६ मार्च, रंगपंचमी

बोटं रंगलेली, पानावर गुलाबी ठसे उमटताहेत, उमटू देत.

चापड्याच्या नाक्यावर सकाळपासून आम्ही. प्रणव जांभळा, वनरक्षक हिरवे, मी कोणत्या रंगाचा होतो ते मला दिसलं नाही. इंदिराबाई जीपमध्ये मोबाइल कानाला लावून. तिकडे त्या ड्रायव्हरला समोर बसवून अधिकारी एकेक विचारत होते आणि इकडे ह्या मराठीत सांगत होत्या. "ताडपत्री निळी. मागच्या फळीवर 'बुरी नजर वाले'मधला 'बु' पुसलेला."

दुपारी 'री नजर वाले' आला.

आत ड्रायव्हर आणि शेजारी नखशिखान्त चंदेरी रंगानं माखलेला माणूस. दात तेवढे दिसत होते. "मैं तो क्लीनर हूँ साहब." आवाज मुद्दाम घोगरा. पोती उतरवायला सुरुवात झाली. चणे. चणे. पुन्हा चणे. प्रणवचा चेहरा उतरायला लागला. चंदेरी माणूस म्हणाला, "साहब, चाय पीएँगे?"

बस्स! असा चहा विचारणारा माझ्या आयुष्यात एकच. नाक्यावरची भरलेली बादली उचलली आणि त्याच्या डोक्यावर पालथी केली. रंगपंचमीला पाणी टाकायला वॉरंट लागत नाही. चंदेरी ओघळ खाली गेले आणि वर आला गेंदालाल.

मी नाचलो. लिहायला लाज वाटत नाही. या गुडघ्यांनी नाचलो. वनरक्षकांनी ढोल बडवावा तशी बादली बडवली. तेवढ्यात ट्रकवरून एक वनरक्षक ओरडला, तळाच्या पोत्यांत खवले आहेत. आणि कोपऱ्यातलं एक पोतं हललं.

तोंड सोडलं. आत खवल्यांचा एक गोळा, टोपलीएवढा, श्वासागणिक फुगणारा. मी या जंगलात सबंध नोकरी काढली, आणि खवल्या मांजर जिवंत कधी पाहिलं नव्हतं. कागदावर लिहिलं होतं, पाहिलं नव्हतं. माझं नाचणं आपोआप थांबलं.

डॉक्टरनं तपासलं, प्रणवनं फोनवरून वरची परवानगी मिळवली, आणि दिवस मावळायच्या बेताला आम्ही ते बागलीच्या जंगलात, वारुळांच्या बाजूला नेऊन ठेवलं. लांब उभे राहिलो.  बऱ्याच वेळानं गोळ्यातून आधी एक टोकदार नाक आलं, मग बारीक डोळे. ते उठलं, पुढचे पंजे पोटाशी धरून चार पावलं गेलं आणि थबकलं. कुठे जावं ते त्याला कळत नव्हतं.

इंदिराबाई हलकेच म्हणाल्या, "जा. घर जा."

नेपाळी होतं. पण याला दुभाषी कशाला हवा? ते गेलं. पाचोळा वाजत राहिला तोवर आम्ही ऐकलं. मी इंदिराबाईंकडे पाहिलं. गालांवरच्या रंगातून दोन स्वच्छ रेघा खाली आल्या होत्या. इथे तर कोणी ठेचा कुटला नव्हता.

गुरुवार, २७ मार्च

सकाळी प्रणव पेढे घेऊन आला. गेंदालालला जामीन नाही. पुढची बैठक वैशाखात काठमांडूला आहे, आपल्याकडून दुभाष्याचं नाव आजच कळवायचंय. "काका, तुमचंच नाव टाकतो. हीरो आहात तुम्ही."

मी म्हटलं, "नाव इंदिराबाईंचं टाक. आणि बैठक संपल्यावर त्यांना लगेच परत आणायचं नाही, असंही लिही. महिनाभर तरी नाही."

"आणि तुम्ही?"

"मी त्यांची बॅग उचलणार. वाटेत कोणी डॉलर म्हणालं तर सांगायला कोणीतरी हवं."

प्रणव गेला. इंदिराबाई दारात उभ्या होत्या, सगळं ऐकलं होतं. त्या माझ्या समोर येऊन बसल्या आणि नेपाळीत बोलायला लागल्या. माझ्याशी. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा सबंध वाक्यं, एकामागून एक, कुठेही न थांबता. हसत होत्या, मधेच पदरानं डोळे पुसत होत्या, पुन्हा हसत होत्या.

'हुन्छ' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळलं.

मी म्हटलं, "इंदिराबाई, मला एक अक्षर कळलं नाही. पुन्हा सांगा. हळू."

त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, हळू. जेवायला आज फार उशीर झाला.